यीस्टला झायलोज खायला लावायचंय? मग आधी रस बघा

काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढायचं म्हटलं की जो तो आधी जीन कोणता टाकायचा यावरच येतो, पण माझं ऐका, आधी तो कचरा अ‍ॅसिडात शिजवून जो रस निघतो तो तपासा, त्यात ग्लुकोज असतं, बऱ्यापैकी झायलोज (काडीकचऱ्यातली दुसरी साखर) असतं आणि सोबत फरफ्युरल, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड अशी त्रासदायक मंडळीही असतात. ब्रेडचं साधं यीस्ट ग्लुकोज चटकन फस्त करतं, झायलोजकडे मात्र ढुंकूनही बघत नाही.

आता रस्ते दोन. पहिला म्हणजे पिचिया स्टिपिटिस या दुसऱ्या यीस्टचे दोन जीन उचलायचे. मी आधी तेच केलेलं, एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) झायलोज खाली येताना बघून जाम खूश झालो आणि मग बाजूला आलेखात झायलिटॉलचं (झायलोजपासून मध्येच बनणारा पदार्थ) हे एवढं मोठं टोक दिसलं! या जीनपासून बनणारं पहिलं एन्झाइम झायलोजचं झायलिटॉल करताना एनएडीपीएच हा मदतनीस रेणू जास्त वापरतं, झायलिटॉल पुढे नेणाऱ्या दुसऱ्याला एनएडी हा वेगळाच मदतनीस लागतो, त्यामुळे हिशोब जुळत नाही आणि साखर मध्येच अडकते.

दुसरा रस्ता झायलोज आयसोमरेज या एकाच एन्झाइमचा, त्यात ही मदतनीस रेणूंची भानगडच नाही. २००३ मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्टमधल्या लोकांनी पायरोमायसिस बुरशीतला हा जीन यीस्टमध्ये चालवून दाखवला, आणि ती बुरशी मुळात सापडली होती हत्तीच्या शेणात :) एन्झाइम जरा संथ आहे म्हणून जीनच्या बऱ्याच कॉपी लागतात, आणि त्या क्रिस्परने (डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र) क्रोमोसोममध्येच बसवा, प्लाझमिड (क्रोमोसोमबाहेरचं सुटं डीएनए) नको, ते टिकवायला मोठ्या टाकीत अँटिबायोटिक कोण ओतत बसणार. सोबत यीस्टचा स्वतःचा जीआरई३ जीन उडवा (झायलिटॉल बनवणारा तोच) आणि एक्सकेएस१ (एटीपी खर्चून साखर पुढे ढकलणारा जीन) वाढवा, पण बेताने, नाहीतर पेशीचं एटीपीच, म्हणजे ऊर्जेचं चलनच, संपतं.

एवढं करूनही वाढ रडतखडतच होईल. मग साखर म्हणून फक्त झायलोज असलेल्या मीडियात (वाढीचं द्रावण) रोज थोडं वाढलेलं यीस्ट नवीन फ्लास्कमध्ये टाकत राहा, आठवडेच्या आठवडे, जलद वाढणारे आपोआप पुढे येतात, त्यातून एकेक कॉलनी वेगळी काढून तपासा.

शेवटी खरा रस. एकदम शंभर टक्के देऊ नका, आधी २०, मग ४०, असं चढवत न्या आणि पीएच ५.५ च्या आसपास ठेवा, कारण त्याहून आंबट झालं की अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड पेशीत सरळ घुसतं. एका ग्रॅम साखरेमागे इथेनॉल जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम निघू शकतं, तुमचा आकडा याच्या वर गेला तर मोजणीचं स्टँडर्ड (तुलनेसाठीचं ठरलेल्या प्रमाणाचं द्रावण) पुन्हा बनवा.