दुखापतीतून परतलेल्या ज्येष्ठ खेळाडूचा फॉर्म कसा जोखावा

तिशी ओलांडलेला आपला आवडता बास्केटबॉलपटू मोठ्या दुखापतीनंतर परततो, तेव्हा चाहत्याने गुणफलकाआधी त्याचे पाय पाहावेत. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये तेव्हा गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून खेळणाऱ्या नेमबाज क्ले थॉम्पसनच्या डाव्या गुडघ्याचे एसीएल लिगामेंट (गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) जून २०१९ मध्ये अंतिम मालिकेत तुटले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये उजव्या पायाचे अकिलीस टेंडन (टाचेमागची शीर) तुटले. ९४१ दिवसांनी, ९ जानेवारी २०२२ रोजी, क्लीव्हलँडविरुद्ध तो पुन्हा मैदानात उतरला आणि २० मिनिटांत त्याने १७ गुण केले. त्या रात्री आम्हा चाहत्यांना जुना क्ले परत आल्यासारखे वाटले. पण एका सामन्यावरून असे मत बनवणे उतावळेपणाचेच होते.

उलट बाजूनेही हीच चूक होते. दुखापतींच्या आधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, मोसमाच्या पहिल्या सात सामन्यांत त्याचे तीन गुणांचे ३६पैकी केवळ ५ शॉट पडले होते, आणि आठव्या सामन्यात शिकागोविरुद्ध त्याने असे १४ यशस्वी शॉट टाकून एका सामन्यातला विक्रम केला. ४० टक्के अचूकतेचा नेमबाज शंभर शॉटमध्ये निव्वळ योगायोगाने ३५वर किंवा ४५वर सहज थांबू शकतो. म्हणून निदान काही शे शॉट होईपर्यंत टक्केवारीवरून आनंद किंवा शोक करू नये.

तोवर पाहण्यासारखे पुष्कळ असते. चुकलेले शॉट वारंवार रिंगच्या पुढच्या कडेला लागत असतील, तर बहुधा पायांतून जोर मिळत नाही. डावी-उजवीकडे चुकत असतील, तर हाताची लय बिघडलेली असू शकते, आणि ती सरावाने सुधारते. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच्या उडीची उंची पहिल्या क्वार्टरइतकी राहते का, हेही पाहावे. सर्वांत बोलका पुरावा मात्र बचावात मिळतो: चपळ प्रतिस्पर्ध्यासमोर तो बाजूला सरकत पुढे राहतो, की पहिल्याच पावलाला मागे पडतो? क्लेची नेमबाजी परतली. २०२२-२३ मध्ये त्याने तीन गुणांचे ३०१ यशस्वी शॉट टाकले, जे त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक होते. प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वोत्तम गार्डला (चेंडू हाताळणाऱ्या चपळ खेळाडूला) रोखण्याची जुनी ताकद मात्र, माझ्या मते, तितकी परतली नाही. (भारतात हे सामने भल्या सकाळी येत असल्याने आपण अनेकदा केवळ आकडे वाचतो, आणि नेमका हाच भाग निसटतो.)

शेवटी, आशा ठेवताना खेळाडूची संघातली भूमिकाही बदलू द्यावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पदार्पणाच्या मोसमानंतर प्रथमच क्लेला राखीव खेळाडू म्हणून उतरवले, तेव्हा अनेकांना तो अपमान वाटला. त्याने त्याच सामन्यात युटाविरुद्ध ३५ गुण केले. दोन महिन्यांनी सॅक्रामेंटोविरुद्धच्या निर्णायक प्ले-इन सामन्यात (बाद फेरीत जागा मिळवण्यासाठीच्या लढतीत) मात्र त्याचे दहाही शॉट चुकले.