रोमन इलेक्शन खळ्यात कसं खेळायचं

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावी आली की सकाळी समुद्र, दुपारी आंबे आणि मग मोबाईलवरून भांडणं. गेल्या वर्षी वैतागून आम्ही खळ्यात जुन्या रोमचं इलेक्शन लावलं आणि ते तीन दिवस चाललं, म्हणून कसं करायचं ते लिहितोय.

पोरं लागतात २३. तिघं उभी राहणार, २० जण मत देणार. निवडायचे दोन कॉन्सल, कारण रोममध्ये सगळ्यात वर दोघं असायचे, एकाने काही ठरवलं तर दुसरा अडवू शकायचा, आणि वर्ष संपलं की दोघंही घरी.

उमेदवारांच्या पांढऱ्या टीशर्टवर खडूची पूड चोळा. रोमवाले टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं लांब वस्त्र) खडूने पांढराफेक करून बाजारात हात मिळवत फिरायचे, पांढऱ्याशुभ्रला लॅटिनमध्ये कँडिडा म्हणतात, आपला कँडिडेट तिथलाच. उमेदवारासोबत समोरच्याचं नाव कानात सांगणारा एक गुलाम असायचा. आमच्याकडे ते काम आजीने घेतलं, "ह्यो खालच्या वाडीतल्या सुताराचो नातू, आवशीची इचारपूस कर."

आता मतदार. काजूबियांच्या पिशवीत प्रत्येकाने एकदाच हात घालायचा, मुठीत येतील तेवढ्या त्याच्या, ती त्याची इस्टेट. (मोठ्या पोरांची मूठ मोठी, ते होऊ द्या.) सगळ्यात जास्त बिया असलेले पाच जण, प्रत्येकाचा स्वतःचा एकट्याचा गट. पुढचे सहा जण दोन-दोनचे तीन गट. उरलेली नऊ बारकी पोरं मिळून एकच गट. झाले नऊ गट, आणि मत माणसाला नाही, गटाला. गटाने आपसात ठरवून दोन नावं द्यायची, ज्याला पाच गट मिळाले तो जिंकला.

रोममध्ये असे १९३ गट होते. जुन्या हिशोबात घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या वर्गातल्या श्रीमंतांचे ८०, म्हणजे ९८, आणि बहुमत ९७ला. ज्यांच्याकडे काहीच नाही ते सगळे मिळून एक गट. वरून मतं घेत यायचं आणि बहुमत झालं की थांबायचं, त्यामुळे खालच्यांचा नंबर लागायचाच नाही. आमच्याकडे पण पहिल्या दिवशी पाच पोरांत निकाल लागला आणि ते नऊ जण उन्हात बसून "आमची पाळी कधी?"

दुसऱ्या दिवशी सुधारणा करा, रोमवाल्यांनी पण पहिल्या वर्गाचे ८०चे ७० केले होते. श्रीमंतांतले दोघं एका गटात घाला आणि मधल्यांना एक गट वाढवून द्या. शिवाय श्रीमंतांतला एक गट चिठ्ठी टाकून आधी काढायचा आणि त्याचं मत मोठ्याने जाहीर करायचं. बाकीचे बघून बघून तेच देतात, तिथे तर लोक तो शकुनच मानायचे.

मत देताना सुंभ बांधून कोंडवाडा करा, रोममध्ये त्या जागेला मेंढवाडाच म्हणायचे. बाहेर पडताना फळीवरून एकेकाने जायचं. इ.स.पूर्व १३९पर्यंत मत तोंडी सांगावं लागायचं, नंतर मेण लावलेल्या पाटीवर लिहून टाकायला लागले. आम्ही पाटीवरची पेन्सिल वापरली. मुलींना आम्ही घेतलं, रोममध्ये बायकांना आणि गुलामांना मत नव्हतं.

देवाला विचारल्याशिवाय काही नाही, आपल्याकडे कौल लावतात तसंच. मधेच आभाळ गडगडलं तर मतदान रद्द, वळवाच्या दिवसांत हा नियम फार कामाला येतो.

शेवटचं म्हणजे लाल निशाण. रोममध्ये नदीपलीकडच्या टेकडीवर ते असेपर्यंतच ही मत द्यायची सभा चालायची. इ.स.पूर्व ६३ला ह्याच सभेपुढे एक खटला चालू असताना मेटेलस केलर नावाच्या अधिकाऱ्याने ते उतरवलं आणि सभाच मोडली. आम्ही आजोबांचा लाल पंचा आंब्याला बांधला होता. तिसऱ्या दिवशी परत श्रीमंतांचीच मतं सुरू झाली, तेव्हा नवाच्या गटातली सगळ्यात बारकी पोरगी उठली, गपचूप मागून गेली आणि तिने पंचा ओढून खाली आणला.