एक छत्री, चार टीव्ही: वायरिंग कसं करायचं

घरात दुसरा टीव्ही आला की पहिला विचार हाच येतो: गच्चीवर आणखी एक छत्री कशाला, आहे त्याच वायरीला स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या दोन-चार वायरी करणारा जोड, लावू. केबल टीव्हीला ते चालायचं. छत्रीला बहुतेक वेळा चालत नाही. का चालत नाही हे एकदा नीट कळलं की पुढच्या कामात चूक होत नाही.

केबलच्या वायरीतून सगळ्या वाहिन्या एकदमच घरात यायच्या. छत्रीच्या वायरीतून सिग्नल खाली येतो आणि सेट-टॉप बॉक्सचा हुकूम त्याच वायरीतून वर एलएनबीकडे, म्हणजे छत्रीसमोर दांडीवर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीकडे, जातो. बॉक्सने 13 व्होल्ट पाठवले की एलएनबी व्हर्टिकल (उभ्या लहरींच्या) वाहिन्या घेतो, 18 व्होल्ट पाठवले की हॉरिझॉन्टल (आडव्या लहरींच्या). शिवाय 22 किलोहर्ट्झचा टोन असेल तर 11.7 गिगाहर्ट्झच्या वरचा पट्टा, नसेल तर खालचा. म्हणजे वाहिन्यांचे चार गठ्ठे झाले आणि वायरीतून एका वेळी त्यातला एकच उतरतो. दोन बॉक्स एकाच वायरीवर टांगले आणि एकाने 18 मागितले, दुसऱ्याने 13, तर एलएनबीपर्यंत मोठा आकडाच पोचतो. हॉलमध्ये कोणी वाहिनी बदलली की आतल्या खोलीतली मालिका अर्ध्यात जाते, ती यामुळे. म्हणून नियम एकच: प्रत्येक बॉक्सची स्वतःची वायर थेट एलएनबीपर्यंत किंवा मल्टिस्विचपर्यंत (प्रत्येक बॉक्सला तो मागेल तो गठ्ठा देणाऱ्या पेटीपर्यंत) गेली पाहिजे.

याला एक खरा अपवाद आहे. बॉक्सच्या मेनूत ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे उपग्रहावरून वाहिन्या ज्या फ्रिक्वेन्सींवर येतात त्यांची, यादी उघडा. तुम्ही बघता त्या सगळ्या ओळींपुढे व्ही (व्हर्टिकल) असेल आणि सगळे आकडे 11700 मेगाहर्ट्झच्या आतले असतील, तर सगळे बॉक्स एकच हुकूम देणार, भांडण होणारच नाही. डीडी फ्री डिशवाल्यांनी हे आधी तपासावं. अशा घरात स्प्लिटर चालतो, पण तो 5 ते 2400 मेगाहर्ट्झचा आणि सगळ्या तोंडांतून वीज जाऊ देणारा हवा. केबलवाल्याचा जुना स्प्लिटर 1000 मेगाहर्ट्झपर्यंतच असतो आणि छत्रीचा सिग्नल 950 ते 2150 मध्ये उतरतो. तो डब्यातच राहू द्या. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सिग्नलचे साधारण 4 डीबी (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं माप) जातात, चार तोंडांच्यात त्याच्या दुप्पट. पावसाळ्यात हे जाणवतं.

बाकी सगळ्यांनी एलएनबी बदलावा. दोन टीव्हीला ट्विन, तीन-चारला क्वाड. त्याच्या प्रत्येक तोंडाचं स्विचिंग वेगळं असतं, त्यामुळे कोणी काहीही लावलं तरी दुसऱ्याला कळतही नाही. दुकानात मात्र नीट वाचून घ्या, कारण क्वाडसारखाच दिसणारा क्वाट्रो नावाचा एलएनबी मिळतो. त्यालाही चार तोंडं असतात, पण प्रत्येकातून एक ठरलेलाच गठ्ठा येतो. तो थेट बॉक्सला जोडला तर एका टीव्हीवर काही वाहिन्या, दुसऱ्यावर वेगळ्याच काही, आणि माणूस दिवसभर छत्री हलवत बसतो. तोंडांवर व्हीएल, व्हीएच, एचएल, एचएच (व्हर्टिकल किंवा हॉरिझॉन्टल, खालचा किंवा वरचा पट्टा) अशी अक्षरं असतील तर तो क्वाट्रो. त्याची जागा सोसायटीत किंवा पाच-आठ टीव्हीच्या वाड्यात, जिथे चार वायरी मल्टिस्विचमध्ये येतात आणि तिथून घरोघर जातात. त्या चार वायरींची अदलाबदल झाली की नेमका एखादा गठ्ठाच गायब होतो, म्हणून जोडण्याआधी दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावा.

आणखी एक तपासणी: बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबीपुढे 9750/10600 लिहिलं असेल तर युनिव्हर्सल एलएनबी चालेल. वेगळा आकडा असेल तर त्याच आकड्याचा घ्या. पैसे भरायच्या कनेक्शनला दुसरा बॉक्स त्याच कंपनीचा आणि त्याच खात्यावर चालू करून घेतलेला लागतो. वायरिंग हेच राहतं.

आता सामान. चार टीव्हीच्या दुमजली घरात 12, 18, 22 आणि 25 मीटरच्या वाटा धरल्या आणि प्रत्येक टोकाला अर्धा मीटर जादा ठेवलं, तर 81 मीटर वायर होते. 100 मीटरचं बंडल आणा. वायरीच्या टोकाला बसवायचे, आट्यांचे एफ कनेक्टर 8 लागतील, 12 घ्या, पहिले दोन-तीन वाया जातातच. गच्चीवरच्या चार टोकांसाठी रबरी बूट, काळे केबल टाय आणि 32 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. पंचवीसच्या पाइपात चार वायरी सरळ जातात, पण वळणावर अडकतात आणि ओढताना सोलतात.

वायर आरजी-6 जातीची, 75 ओहमची. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा. चांगल्या आरजी-6 मध्येही 100 मीटरला 2 गिगाहर्ट्झच्या आसपास सुमारे 30 डीबी जातात, आरजी-59 मध्ये त्याहून बरेच जास्त. मधली तार बघा: स्वस्त वायरीत ती पोलादाची असून वर तांब्याचा मुलामा असतो. लोहचुंबक चिकटलं तर पोलाद. सिग्नलला ती चालते, पण एलएनबीला लागणारी वीज तिच्यातून जाताना व्होल्ट पडतात. लांबच्या खोलीत हॉरिझॉन्टल वाहिन्याच येत नाहीत, व्हर्टिकल नीट दिसतात, अशी तक्रार असेल तर आधी हा संशय घ्या. दोन्ही टोकं सोडवून एका टोकाला मधली तार आणि तिच्याभोवतीची धातूची जाळी एकमेकांना टेकवा, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. 25 मीटर तांब्याला साधारण 1 ओहम दिसतो, पोलादी तारेला 3 च्या आसपास. नुसते वर जाऊन व्होल्ट मोजून हे कळत नाही, कारण मोकळ्या टोकाला भार नसतो आणि खराब वायरही पूर्ण 18 दाखवते.

कनेक्टरवर सगळ्यात जास्त वेळ द्या. बिघाड इथेच होतात. वरचं काळं आवरण दीड सेंटीमीटर सोला, जाळी मागे उलटी दुमडा, आतलं फॉइल मात्र पांढऱ्या फोमला चिकटलेलंच राहू द्या. मग टोकाचा फोम 7-8 मिलिमीटर काढा, पण ब्लेड मधल्या तारेला लागू देऊ नका. तारेवर ओरखडा पडला तर ती वाऱ्याने हलून तिथेच तुटते. आता टोक डोळ्यांजवळ धरून बघा. जाळीचा केसाएवढा एक धागा तारेला टेकला तरी शॉर्ट होतो, बॉक्स एलएनबीची वीज तोडतो आणि पडद्यावर सिग्नल नाही एवढंच येतं. कनेक्टर बसवल्यावर आतला पांढरा फोम त्याच्या बुडाशी सपाट दिसला पाहिजे आणि तार कडेच्या बाहेर 2-3 मिलिमीटर आली पाहिजे. आखूड राहिली तर बॉक्सच्या आतल्या पकडीपर्यंत पोचत नाही, लांब राहिली तर सॉकेट बिघडतं. गच्चीवर खास दाबपकडीने दाबायचे कॉम्प्रेशन कनेक्टर वापरा. हाताने फिरवून बसवायचे कनेक्टर एका पावसाळ्यात सैल होतात.

काम सुरू करताना सगळे बॉक्स प्लगमधून काढा. मग आधी एकच वायर, एकच बॉक्स जोडून छत्री पक्की करा. डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. पुण्याहून तो उत्तरेपासून 132 अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, क्षितिजापासून 59 अंश वर. नागपुरात 144 आणि 60. ऑफसेट छत्री (एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असलेली, नेहमीची घरगुती) यापेक्षा बरीच उभी दिसते, त्यामुळे ती आकाशाकडे न बघता समोर बघतेय असं वाटलं तर घाबरू नका. कोकणात आणि गोव्यात माड आड येतो: झाड छत्रीहून 10 मीटर उंच असेल तर ते त्या दिशेला किमान 6 मीटर लांब हवं, आणि झावळ्यांचा पसारा धरून अंतर मोजा. बॉक्सच्या सिग्नल मेनूत स्ट्रेंथकडे नाही, क्वालिटीच्या पट्टीकडे बघत छत्री हलवा, किंचित सरकवून तीन-चार सेकंद थांबा. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू फिरवून क्वालिटी सगळ्यात वर येईल तिथे आवळा.

मग उरलेल्या वायरी. एलएनबीपाशी प्रत्येक वायरीला खाली झोका द्या, म्हणजे पाणी ओघळून झोक्याच्या टोकाला गळेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. तोंडं खाली येतील असं बघा, बूट चढवा, न वापरलेल्या तोंडाला टोपी लावा. वळण 7 सेंटीमीटरपेक्षा आवळू नका, घरातल्या विजेच्या पाइपात ही वायर घालू नका आणि मध्ये जोड देऊ नका. द्यावाच लागला तर एफ जोडणीचा, पिळून टेप गुंडाळलेला नको. छत्रीच्या खांबाला अर्थिंग द्या. वळिवात विजा कडाडत असताना गच्चीवर जायचं नाही.

पुढे बिघाड झाला तर गच्चीवर चढण्याआधी घरात फिरून बघा. सगळे टीव्ही एकदम गेले तर छत्री हलली असेल, एलएनबी गेला असेल किंवा जोराचा पाऊस असेल. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येतं. एकच टीव्ही गेला तर तिथला बॉक्स चालू असलेल्या खोलीत नेऊन लावा. तिथे चालला म्हणजे दोष वायरीत किंवा एलएनबीच्या त्या तोंडात आहे, मग वर जाऊन फक्त दोन वायरींची तोंडं बदला. बिघाड दुसऱ्या खोलीत सरकला तर तोंड खराब, त्याच खोलीत राहिला तर वायर किंवा तिचा कनेक्टर. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, स्वच्छ उन्हात सकाळी अकराच्या सुमारास फ्री डिशचं चित्र काही मिनिटं गेलं, तर काहीही सोडू नका. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो, थोड्या वेळाने तो पुढे सरकतो.