इंग्लंडमधल्या खेड्याचं शिवार कसं वाचावं

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याचा इतिहास शोधायला निघालेली माणसं हमखास चुकीच्या टोकाला सुरुवात करतात. चर्चमधल्या कबरी, जहागीरदाराची वंशावळ, नाहीतर थेट १०८६ सालचं डोम्सडे बुक, म्हणजे राजाने करून घेतलेली जमिनींची नोंदवही. शिवार वाचायचं असेल तर आजच्या नकाशापासून मागे मागे जायचं. उलट दिशेने आलात तर नुसत्या दंतकथा हाती लागतात.

आधी पॅरिशची, म्हणजे एका चर्चखालच्या गावाच्या शिवाराची, हद्द काढा. १८६६ पासून चर्चचं पॅरिश आणि सरकारी पॅरिश यांच्या वाटा वेगळ्या होत गेल्या. आपल्याला त्याआधीची हद्द हवी. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, शेजारी उपग्रहचित्र लावून. हे एका संध्याकाळचं काम.

मग टाइदचा नकाशा मिळवा. लोकांची गाडी अडते ती इथेच.

चर्चला पिकाचा दहावा हिस्सा, म्हणजे टाइद, द्यायची प्रथा होती. १८३६ च्या कायद्याने तो रोख रकमेत बसवला आणि त्यासाठी गावोगावचे नकाशे निघाले. सोबत एक वाटणीपत्रक असतं. तुकड्याचा क्रमांक, मालक, कसणारा, शेताचं नाव, नांगरट की कुरण, क्षेत्रफळ आणि द्यायची रक्कम. आपल्याकडचा सातबारा ज्याने वाचलाय त्याला हे पत्रक परकं वाटणार नाही. अडचण अशी की ते क्रमांकाप्रमाणे नसतं, मालकाप्रमाणे असतं. २१४ नंबरचं शेत शोधायला पानंच्या पानं उलटावी लागतात. म्हणून आधी सगळं पत्रक एक्सेलमध्ये उतरवा आणि क्रमांकाने लावून घ्या. कंटाळवाणं आहे, पण हे टाळून पुढे गेलेल्यांचे नकाशे मी बघितले आहेत. अर्धे तुकडे भलत्याच जागी.

आता सर्वांत महत्त्वाचं. टाइदचा नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ताणून बसवू नका. यूट्यूबवर हेच शिकवतात आणि ते चूक आहे. यातले बरेच नकाशे नव्याने मोजलेलेच नव्हते, जुन्या इस्टेटींच्या नकाशांवरून उतरवलेले होते. एक कोपरा जुळवला की दुसरा निसटतो. मधे पूल लागतो, आणि तो पूल म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचा पंचवीस इंची (एका मैलाला पंचवीस इंच) नकाशा, पहिली आवृत्ती. टाइदवरून त्यावर या, त्यावरून आजवर. टाइद आणि पंचवीस इंची यांत काही दशकांचंच अंतर असल्याने बहुतेक बांध जागेवर सापडतात. जुळवणीसाठी चर्च आणि जुने तिठे धरा. ओढा धरू नका, ओढे सरळ केलेले असतात.

प्रत्येक तुकडा क्षेत्रफळाने तपासा. पत्रकात ते एकर, रूड आणि पर्च असं असतं आणि इथे आपल्या लोकांना एक फायदा आहे. रूड म्हणजे बरोबर १० गुंठे आणि ४ पर्च म्हणजे १ गुंठा. ३ एकर २ रूड १६ पर्च म्हणजे ३ एकर २४ गुंठे, तोंडी हिशेब. ऑर्डनन्स सर्व्हे दशांशात लिहितो, त्यामुळे तिथे ३.६०० च्या आसपास काहीतरी दिसायला हवं. फार तफावत आली तर एकतर बांध मोडलाय किंवा तुम्ही शेजारच्या शेतात उभे आहात.

हे जमलं की शेतांची नावं रंगवा. मिल फील्ड, अपर मिल फील्ड, मिल फील्ड क्लोज असे तुकडे एकमेकांना लागून दिसले, तर तिथे बहुधा एन्क्लोजरपूर्वीचं, म्हणजे सामाईक शेतं वाटून कुंपणं घालण्याआधीचं, एकच मोठं सामाईक शेत होतं. बॉटनी बे नावाचं शेत सहसा हद्दीवर निघतं. बॉटनी बे म्हणजे दूर ऑस्ट्रेलियातला किनारा, गावापासून लांबच्या जमिनीची ही थट्टा.

मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या, अनेक गावांना टाइदचा नकाशाच नाही. तिथे एन्क्लोजरच्या वेळीच चर्चला जमीन देऊन हिशेब मिटवलेला होता. मग काउंटी रेकॉर्ड ऑफिसात एन्क्लोजरचा निवाडा मागा.

पुढे एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं लायडार, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेले जमिनीचे चढउतार, उघडा, तेही फुकट. कुरणाखाली सऱ्या-वरंबे दिसतील. उलट्या एससारखे किंचित वळलेले आणि रुंद असतील तर ते मध्ययुगीन. बैलांची लांबलचक जोडणी वळवायला आधीपासूनच वाकावं लागे. अरुंद आणि सरळसोट असतील तर बहुधा एकोणिसाव्या शतकातले. त्या उलट्या एसच्या वळणाला धरून जाणारं झाडांचं कुंपण संसदेच्या एन्क्लोजर कायद्यांआधीचं असण्याची शक्यता मोठी, पट्टीने ओढल्यासारखं असेल तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं. डोळा तयार करायला नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनला एकदा जाऊन या. तिथे तीन सामाईक शेतं अजून चालू आहेत आणि १६३५ चा नकाशाही शिल्लक आहे.

कुंपणातल्या झाडांच्या जाती मोजून ‘एक जात म्हणजे शंभर वर्षं’ असा हिशेब करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. कुंपण लावतानाच कुणी मिश्र झाडं लावली असली की तो नियम तिथेच कोसळतो.

प्रत्यक्ष फिरायला जानेवारी-फेब्रुवारी, सकाळी लवकर. गवत खुरटं, ऊन तिरकं. शेतातली सार्वजनिक पायवाट सोडायची तर शेतकऱ्याला विचारून.

डोम्सडे आता उघडा. त्यात पॅरिश नाहीत, मॅनर म्हणजे जहागिरी आहेत. एका गावच्या नावावर दोन-तीन नोंदी निघाल्या तर प्रत्येकीचा मालक वेगळा लिहून घ्या आणि मग आपल्या नकाशावर त्यांची जागा शोधा.