क्लच उघडण्याआधी रेसची वायर बघा

हिरो होंडा स्ट्रीट किंवा होंडाच्या कब घराण्यातली गाडी म्हणजे पायात गिअर, पण हातात क्लच नाही. अशी गाडी पहिल्या गिअरला हिसका देऊन पुढे सरकली की ‘क्लच गेला, इंजिन खोला’ असा सल्ला लगेच मिळतो. खोलू नका. इंजिनाचे फेरे वाढले की क्लचमधली वजनं बाहेर फेकली जातात आणि क्लच धरतो. रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, मुळातच चढलेली असेल, तर चांगला क्लचही उभ्या गाडीत धरणारच.

इंजिन बंद ठेवून रेसची मूठ फिरवा. वायर ताणली जाण्याआधी मुठीच्या कडेला 2 ते 6 मिलिमीटर ढील हवी. सोडल्यावर मूठ ताडकन मागे यायला हवी. आता गाडी न्यूट्रलला चालू करून हँडल दोन्ही टोकांना वळवा. रेस वाढली तर वायर आखडलीय किंवा चुकीच्या वाटेने ओवलीय. मुठीपाशी वायरचा एखादा जरी धागा तुटलेला दिसला तर नवी टाका, तेल सोडून भागत नाही. मग इंजिन गरम असताना कार्बोरेटरच्या स्क्रूने रेस मिनिटाला साधारण 1400 फेऱ्यांवर आणा.

एवढं करूनही गिअर खाडकन पडत असेल किंवा गाडी सरकत असेल, तरच क्लचच्या ॲडजस्टरला हात लावा. उजव्या कव्हरवर मधोमध खाच असलेला स्क्रू आणि त्याभोवती नट दिसतो, तोच हा. बहुतेक जण बिघडवतात ते इथेच.

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला. नट सैल करा. स्क्रू आधी घड्याळाच्या दिशेने एक फेरा फिरवा, त्याहून जास्त नको. म्हणजे आतली यंत्रणा पूर्ण ढिली होते आणि पुढे लागणारा अडथळा खरा असतो. आता उलट्या दिशेने अगदी सावकाश या. स्क्रू हलकासा जड लागला की तिथेच थांबा. ‘अजून थोडं आवळू’ म्हणून जोर लावला, तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. तिथून घड्याळाच्या दिशेने फक्त एक अष्टमांश फेरा मागे घ्या. खाच बारावर असेल तर दीडवर येईल, इतकंच. जास्त मागे गेलात तर गिअरचा पाय दाबूनही क्लच सुटणार नाही.

नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. एका हाताने स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट धरा, दुसऱ्याने पाना फिरवा. आवळून झाल्यावर खाच दीडवरच आहे ना, पुन्हा बघा.

गाडी चालू करून पहिला टाका. हिसका नाही, बंद पडणं नाही, मूठ फिरवल्यावर अलगद उचल: जमलं.

चढावर टॉप गिअरला इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, ही तक्रार वेगळी. आधी इंजिन ऑइल बघा. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर ‘जेएएसओ एमए’ (JASO MA, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलं हवं. कारसाठी आणलेल्यातलं उरलेलं ऑइल ओतलं की प्लेटा घसरतात. ऑइल आणि ॲडजस्टर दोन्ही बरोबर असूनही घसरत असेल, तर मात्र उजवं कव्हर खोलायचं. प्लेटा आणि स्प्रिंग एकत्रच बदला आणि कव्हरचं पॅकिंग नवंच घ्या.