पहिलं भांडण दोनदा वाचा

जादू आणि ड्रॅगनांच्या दुनियेत घडणारी, आधी वैरी असलेल्या दोघांची प्रेमकथा वाचायला घेतली की सुरुवातीचा नकाशा आणि घराण्यांची यादी मी सरळ सोडून देते. नावं पाठ करायला ही काय परीक्षा आहे? पन्नासेक पानांत कोण कुठल्या गादीचा वारस, ते आपोआप कळतं. जादूचा एक नियम मात्र पेन्सिलीने टिपून ठेवा: ती वापरली की किंमत काय मोजावी लागते? पुढे दोघांपैकी एकजण दुसऱ्यासाठी बहुतेक तीच किंमत मोजतो.

खरी मजा पहिल्या भांडणात. दोघं एकमेकांना काय बोलतात यापेक्षा काय न्याहाळतात ते बघा. तिला म्हणे त्याचं तोंडही बघवत नाही, पण त्याच्या मनगटावरचा बारीक व्रण बरा दिसतो! नंतर हाक कशी बदलते तिकडे कान ठेवा. एरवी 'सेनापती' म्हणणारी एका रात्री नुसतं नाव घेते. तिथे मी पुस्तक मिटून दोन मिनिटं गप्प बसते.

कबुली लांबली म्हणून वैतागू नका. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये ६१ प्रकरणं आहेत. डार्सी मागणी घालतो ३४व्या प्रकरणात, आणि एलिझाबेथ ती धुडकावून लावते. तिथे तर ड्रॅगनही नव्हते.

शेवट आधी वाचलात तरी चालेल, मीही वाचते. फक्त प्रतिस्पर्धी आणि छळवादी यांत गल्लत नको. नायिकेला कोंडून ठेवणाऱ्या एका राजपुत्रापायी मी पाचशे पानं रेटली, आणि पठ्ठ्याने साधी माफीसुद्धा मागितली नाही.