सीताफळाच्या बीपासून कॅन्सरच्या औषधाकडे: संशोधन सुरू कसं करावं

मी अंबाजोगाईला रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी. झालेली पोरं विचारतात, "मॅडम, झाडपाल्यातून कॅन्सरचं औषध शोधायचंय, कुठून सुरुवात करू?" दहा झाडांची यादी घेऊन येणाऱ्याला मी आल्या पावली परत पाठवते. एकच झाड निवडा.

आपल्या बालाघाटच्या डोंगरात सीताफळ रग्गड. गर काढून बिया उकिरड्यावर जातात. गावाकडं बी वाटून उवांसाठी डोक्याला लावतात आणि ती डोळ्यात गेली की डोळा लालभडक होतो. म्हणजे बीत जहाल काहीतरी आहे. त्या रसायनांना ॲसिटोजेनिन म्हणतात. ती पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच अडवतात.

बी गोळा करताना गाव, तारीख लिहा. त्याच झाडाची पानाफुलांची फांदी दाबून वाळवा, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पक्की करून नमुना क्रमांक घ्या. बी सावलीत वाळवून भरड दळा. तेल भरपूर निघतं, ते आधी पेट्रोलियम ईथरनं काढा, पण फेकू नका, तेही तपासायचंय. मग मिथेनॉलमध्ये थंडच भिजत ठेवा. सॉक्सलेट, म्हणजे गरम द्रावकानं अर्क काढायचं उपकरण, त्याच्या उष्णतेत नाजूक रेणू बिघडू शकतात.

पुढं कॉलम लावून, म्हणजे सिलिकासारखी भुकटी भरलेल्या काचनळीतून अर्क सोडून, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग कॅन्सरच्या पेशींवर तपासायचा आणि ज्यात दम आहे त्याचेच पुन्हा भाग पाडायचे. इथं पोरं फसतात. भागांतली रसायनं ठिपक्यांनी वेगळी दाखवणारी टीएलसीची प्लेट यूव्ही दिव्याखाली धरतात, ठिपका दिसत नाही, म्हणतात काहीच नाही. अहो, ॲसिटोजेनिन यूव्हीत जवळपास दिसतच नाहीत! केड्डे नावाचा रंग आणणारा अभिकर्मक फवारा, गुलाबी ठिपके उमटतील.

या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून मिळतात. चाचणी बहुतेक जण एमटीटीची करतात: जिवंत पेशी पिवळ्या रंगाचा जांभळा करतात. पण आपलं रसायन पेशीचं चयापचयच मंदावतं, त्यामुळं जांभळा कमी आला म्हणजे पेशी मेलीच असं नाही. जोडीला एसआरबी ही चाचणी करा, त्यात पेशींतली प्रथिनं मोजली जातात. निरोगी पेशींवर तपासल्याशिवाय तर माझ्याकडं आकडा आणूच नका. नुसतं मारायला फिनाइलही मारतं.

आणि घाई असेल तर या वाटेला येऊ नका. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत काम करायचे. १९६६ साली त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं रसायन काढलं. ते रुग्णांना सोसेना. त्यात फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं अमेरिकेत १९९६ साली मंजूर झाली. त्यांनीच १९७१ साली रेणूची रचना मांडलेल्या टॅक्सॉल या कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाला मंजुरी मिळाली १९९२ मध्ये. सीताफळाच्या ॲसिटोजेनिनचं घोडं अजून विषारीपणावरच अडलंय, मेंदूतल्या चेतापेशींना ती घातक. म्हणून रेणू शोधण्याइतकंच तो सौम्य करण्याचं काम आहे. त्यासाठी ऑरगॅनिक सिंथेसिस पक्कं हवं. रेणूची रचना ओळखायचे एनएमआरचे आलेख वाचायला एम.एस्सी.तच शिका, दुसऱ्याकडून वाचून घेऊन पीएच.डी. होत नाही.

पैशाचं म्हणाल तर नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही केंद्राची फेलोशिप सगळ्यात भरवशाची. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवरही डोळा ठेवा. प्रवेश छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठात घेतलात, तरी पेशींचं काम कुठं होणार हे गाइडला पहिल्याच भेटीत विचारा. त्या प्रयोगशाळेत लाइट गेल्यावर पेशी उबेत ठेवणारा इनक्यूबेटर चालू राहतो का, तेही.

काम सुरू झालं की गावातलं कुणीतरी पेशंटसाठी "ती पावडर द्या" म्हणत येईलच. चिमूटभरसुद्धा देऊ नका. फाइल मागून घ्या, उपचार कुठवर आलेत ते विचारा आणि सुरू असलेली केमो बंद करू नका म्हणून बजावा.